नेहमी, की झालं तरच?

...आणि वर मलाच म्हणतो, "आजी, प्लीज, तुम्ही मध्ये बोलू नका!" माझं घर, माझी ओटी, माझ्या पाटावर ठेवलेला तो लॅपटॉप, आणि त्या लॅपटॉपातनं पुण्याचा साहेब मला सांगतो मध्ये बोलू नका! तुम्हाला सांगते, पाच बाळंतपणं काढली, दोन पूर बघितले, सासू बघितली... पण असं गोड बोलून गप्प कोणी बसवलं नव्हतं. सासू निदान ओरडायची तरी! आणि हे सगळं कशावरनं? तर त्या आपोआपवरनं. बटण दाबलं की सगळं आपोआप होतं म्हणे! होय? मग निस्तरायचं तेवढं हातानं का लागतं?

थांबा, धड सुरुवातीपासनं सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारी वाऱ्यावर बोलते. धनेश माझा नातू. थोरल्याचा मुलगा. त्याचे आईबाप वसईला, हा पुण्याला कंपनीत, आणि मी इथे, मालवणच्या रस्त्यावरनं आत चालत अर्धा तास, एवढ्या घरात एकटी. एकटी म्हणजे मी आणि मांजर, आणि मांजरही निम्मा वेळ शेजारी तुळसाकडे, कारण तिच्याकडे रोज मासे. तर वैशाखात हा चार दिवस म्हणून आला, आठव्या दिवशी म्हणाला, "आजये, मी हंयसूनच काम करतंय." मी म्हटलं, "मेल्या, कंपनी काय तुझ्या आवशीची?" तर कंपनी म्हणाली म्हणे, तीन महिने बघू. तीन महिन्यांत चूक झाली नाही तर कायमचा घरी बसून काम कर. झाली, तर बॅग उचल आणि ये पुण्याला. तीन महिने! तुम्हाला काय सांगू, इतके नीट दिवस तर मी दिवस गेल्यावरसुद्धा मोजले नव्हते!

आता हा करतो काय दिवसभर? विचारलं मी. "तू करतंस तरी काय रे?" तर म्हणतो, "मी पेटी बांधतंय." बघितलं मी इकडेतिकडे, सुतळी नाही, खोका नाही. पेटी त्या लॅपटॉपात! दवाखान्यात माणसं बसतात ना ओळीनं, त्यांना नंबरची चिठ्ठी देणारं एक यंत्र असतं, त्या यंत्राच्या आतलं जे डोकं, ते हा पेटीत बांधून पाठवतो. दवाखान्यातल्या माणसानं पेटी उघडली की सगळं जिथल्या तिथे जाऊन बसलं पाहिजे. इन्स्टॉलर म्हणतात त्या पेटीला. मी म्हटलं, "म्हणजे ता डोक्या तू केलंस?" "नाय गे, ता दुसरे करतत. मी नुसतो बांधतंय." घ्या! एवढं शिकवलं, घाटावर ठेवलं, आणि पोरगा बांधाबांध करतो!

पण तुम्हाला सांगते, बांधाबांध सोपी नाही. बांधायच्या आधीची कामं वेगळी, बांधून झाल्यावरची वेगळी. आधी काय, तर पेटी झाडायची, कालचा कचरा काढायचा, पुण्याच्या ऑफिसातनं आजच्या ताज्या फायली आणायच्या. नंतर काय, तर तोंड बंद करायचं, वर कंपनीचा शिक्का मारायचा, जुनी पेटी फेकायची, नवी सत्तर दवाखान्यांना पाठवायची आणि साहेबाला चिठ्ठी टाकायची की झालं. पूर्वी हा सगळं हातानं करायचा आणि एक दिवस शिक्का विसरला, एक दिवस झाडायचं विसरला... आमच्याच घराण्यातला, आणखी काय! म्हणून त्यानं काय केलं, की आधीचं सगळं एका ठिकाणी लिहून ठेवलं, नंतरचं सगळं दुसऱ्या ठिकाणी लिहून ठेवलं.

"मगे तू काय करतलंस?"

"मी बटण दाबतलंय."

"आणि मगे?"

"मगे काय नाय. सगळा आपोआप."

सगळं आपोआप होतं म्हणे! बरं बाबा. पण आधीचं काम म्हटल्यावर मला राहवतंय होय? आमच्यात गाऱ्हाणं घातल्याशिवाय नांगर धरत नाहीत, होडी लोटत नाहीत, पोरगी बघायला जात नाहीत. पहिल्या दिवशी मी त्या लॅपटॉपासमोर अगरबत्ती लावली, पानाचा विडा ठेवला आणि हात जोडून म्हटलं, "बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरान जी काय पेटी बांधूक घेतल्यान आसा, ती सुखरूप त्या सत्तर दवाखान्यांका पोचव रे म्हाराजा! वाटेत कोणी आडवो इलो तर तेका सरळ कर, लायटीक संभाळ, नेटवर्काक संभाळ, आणि पुण्याच्या साहेबाक चांगली बुद्धी दी रे म्हाराजा!" आणि हा कानात ती बोंडं घालून बसलेला, पण रक्तातलं जातंय कुठे? गाऱ्हाण्याला मागून होय म्हणायचं असतं, तसं मान वर न करता म्हणाला, "व्हय म्हाराजा." अडीच महिने, तुम्हाला सांगते, अडीच महिने एक पेटी चुकली नाही. हा म्हणायचा सेटिंगमुळे. म्हणू दे.

आता ऐका, इथे माझं नशीब फुटलं. पहिल्याच आठवड्यातली गोष्ट, मिरगाचा पाऊस अजून यायचा होता, मी फणसाच्या आठळ्या सोलत बसले होते. हा म्हणाला, "आजये, एक सांग गे. पेटी बांधल्यानंतरची जी कामा, ती कधी करूची? हंय विचारता. नेहमी, की काम नीट झाला तरच?"

आता तुम्हीच सांगा, हा काय प्रश्न झाला? राखणदाराला, शेत राखणाऱ्या देवाला, वर्षाचा नारळ देतो आपण, तो काय पीक बघून देतो? भात आलं तर नारळ, नाही आलं तर ठेंगा... सांगून बघा राखणदाराला! माझ्या सासऱ्यांनी सांगितलं होतं एकदा. पुरात भात वाहून गेलं त्या वर्षी म्हणाले, "पीक नाय तर राखण कसली?" दुसऱ्या दिवशी बैल लंगडला. तिसऱ्या दिवशी विहिरीचा रहाट मोडला. चौथ्या दिवशी सासरे गोठ्यात असे घसरले की चार माणसांनी उचलून आणले, आणि पडल्या पडल्या काय म्हणाले? "नारळ दिया रे आधी!" मग मी काय सांगणार पोराला? म्हटलं, "नेहमी! काम होवो नाय तर न होवो, मागचा करूक चुकूचा नाय. झाला तरच करणारो माणूस मतलबी."

हा हसला. हसत हसत 'नेहमी'वर बोट ठेवलं... गंमत म्हणून हो! मागाहून बदलणार होता. पण तेवढ्यात त्याचा फोन वाजला, बोलता बोलता पुढच्या अंगणात, खळ्यात गेला, आणि ते राहिलं तसंच. अडीच महिने राहिलं, कोणाला कळलं नाही, कारण रोज काम नीटच होत होतं. नीट होतंय तोवर 'नेहमी' काय आणि 'झालं तरच' काय, दोन्ही सारखंच की!

श्रावणातला शुक्रवार. तीन महिन्यांना पंधरा दिवस कमी. मी टाकळ्याची भाजी केली होती, गरम भात वाढला, हाक मारली, "ये रे, जेवून घे." हा म्हणाला, "बटण दाबून इलंय." आला. बसला. दोन घास खाल्ले असतील, लाईट गेली. लॅपटॉपाला त्याची बॅटरी असते, तो चालूच, पण लाईटीबरोबर नेट गेलं. आणि पुण्याहून फायली यायच्या होत्या, त्यातली एक यायची राहिली. पेटी अर्धीच बांधली गेली. लॅपटॉपानं लिहिलंसुद्धा लाल अक्षरात की बाबा रे, बांधणी फसली. पण ते लाल अक्षर बघणार कोण? बघणारा टाकळा खातोय! तोवर लाईट आली, नेट आलं, आणि लॅपटॉप म्हणाला, फसली तर फसली, आपल्याला सांगून ठेवलंय नेहमी! मारला शिक्का. फेकली जुनी पेटी. अर्धी पेटी सत्तर दवाखान्यांना रवाना. आणि साहेबाला चिठ्ठी, की सगळं व्यवस्थित झालं! अहो, माणूस असता तर खोटं बोलताना निदान अडखळला तरी असता!

राहिलेली फाईल कसली होती माहीत आहे? एकानंतर दोन म्हणायची. संध्याकाळी सत्तर दवाखाने उघडले, आणि जो येईल त्याच्या हातात चिठ्ठी, नंबर एक! तापवाला पहिला, खोकलेवाला पहिला, नुसता बायकोबरोबर आलेला तोही पहिला! घाटावरच्या एका दवाखान्यात म्हणे सेहेचाळीस माणसं दारात, सगळी पहिली, आणि आतला डॉक्टर बाहेर यायला तयार नाही. एक आजोबा चार वाजता पहिले होते, ते सात वाजतासुद्धा पहिलेच होते! मला हसू आलं हो ऐकताना, खोटं का बोलू... पण धनेशच्या तोंडाकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. पांढरा पडला होता पोरगा. रडत नव्हता, नखानं ओटीचं सारवण उकरत होता. सगळं आपोआप होतं म्हणे!

दुसऱ्या दिवशी सकाळी आला साहेब, लॅपटॉपात. जितेंद्र नाव. पोर चाळिशीचं, दिसायला बरं, खाऊन पिऊन सुखी. "धनेश, बांधणी फेल झाली, तरी पुढचं सगळं चाललं कसं?"

"सर, सेटिंग चुकलं. 'नेहमी' राहिलं."

"असं कसं राहिलं?"

मी दाराआड. माझं नाव घेईल, घेईल म्हणून वाट बघते, पण तोंड उघडेल तर शपथ! "माझी चूक आहे, सर," एवढंच.

साहेबानं सुस्कारा टाकला. म्हणाला, "हे बघ, अडीच महिने तुझं काम चांगलं झालंय. ही एक चूक समजू. मुदत महिन्याने वाढवतो, पण पुन्हा..."

अहो, तुम्हाला सांगते, इथे मी गप्प बसले असते ना! पण मला ते शहरी बोलणं अर्धंच कळलं. 'चूक' कळलं, 'पुन्हा' कळलं, मधलं सगळं हुकलं, ते मागाहून कळलं. मला वाटलं घालवला पोराला! तशीच पदर खोचून लॅपटॉपासमोर गेले आणि म्हटलं, "ओ जितेंद्रराव, पोराची चूक नाय! 'नेहमी' माझ्यामुळे झाला! मी सांगितलंय तेका!"

साहेब मला बघतो, मी साहेबाला बघते.

"या कोण?"

"आजी," धनेश म्हणाला. इतका हळू म्हणाला...

"म्हणजे सत्तर दवाखान्यांचं सेटिंग तू आजीला विचारून लावलंस?"

मी म्हटलं, "विचारल्यान तर काय झाला? राखणीचो नारळ..." तर तो काय म्हणाला, "आजी, प्लीज, तुम्ही मध्ये बोलू नका." आणि मग जे बोलला ते सगळं शुद्ध, सगळं मला कळणारं. घरातलं वातावरण कामाला योग्य नाही. सोमवारी पुण्याला हजर व्हायचं.

बघा! पोरगा गप्प बसून सुटला होता. मी खरं बोलून अडकवला. आणि धनेश मला एक शब्द बोलला नाही हो. बोलला असता तर मी पण चार बोलले असते, रडले असते, मोकळी झाले असते. "जाऊ दे गे, आजये," म्हणाला, आणि उरलेली भाजी वाढून घेतली.

रविवारी सकाळी गेला. निघताना गाऱ्हाणं घातलं मी. बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक संभाळ... आणि थांबले. कारण 'व्हय म्हाराजा' म्हणायला जो होता, तोच तर चाललेला! त्यानंच म्हटलं मग. पाठीवर बॅग, हातात चप्पल, "व्हय म्हाराजा," म्हणाला आणि उतरला खळ्यात. आता मी एकटीच घालते आणि एकटीच व्हय म्हणते. देवालासुद्धा कळत नसेल मागतंय कोण आणि हो म्हणतंय कोण.

पण पोरगा गुणाचा. मला लिहिता वाचता येत नाही, म्हणून रोज सकाळी आठ वाजता फोनवर त्याचा आवाज येऊन पडतो. "आजये, बरी आसस मा? रक्तदाबाची गोळी घेतलंस?" रोज! एक दिवस चुकला नाही. मी तुळसाला सांगायचे, "बघ गो, कामात आसता तरी आठवण करता." तिचा मुलगा कुडाळला असून फोन करत नाही, म्हणून जरा मोठ्यानंच सांगायचे.

महिनाभर ऐकलं. आणि तुम्हाला सांगते, डोळे गेलेत माझे, कान नाही गेले. 'बरी आसस मा' आणि 'गोळी' यांच्यामध्ये मागे कुकरची शिटी होते. सोमवारी झाली. मंगळवारी झाली. गुरुवारी त्याच जागी झाली, तेवढीच लांब. म्हटलं, ह्या पुण्यात रोज आठाच्या ठोक्याला, बरोबर दोन शब्दांच्या मध्ये, कुकर शिटी मारतो? तुळसाच्या नातीला, सलोनीला दाखवलं, ती कुडाळला कंप्युटर शिकते. तिनं ऐकलं, खाली बघितलं, आणि म्हणाली, "आजये... ह्यो एकच आवाज आसा. एकदा बोलून ठेवलेलो. रोज आपोआप येता."

सगळं आपोआप होतं म्हणे.

रागावले नाही मी. खरंच नाही. विसरू नये म्हणूनच लावलं असेल ना पोरानं? विसरतो तो, आमच्याच घराण्यातला. पण रोज सकाळी त्या शिटीला उत्तर देणं माझ्या जिवावर यायला लागलं. आणि उत्तर नाही गेलं तर तिकडे घाबरेल. म्हणून मी सलोनीला म्हटलं, "माझा पण असाच काय ता करून दी गो." तिनं माझा आवाज भरून घेतला, "व्हय रे बाबा, बरी आसंय, घेतलंय गोळी," आणि दिलं लावून.

आता रोज आठ वाजता त्याचा फोन माझ्या फोनला विचारतो, माझा फोन त्याच्या फोनला सांगतो. दोघांचं अगदी बरं चाललंय. मी आपली चुलीशी बसून ऐकते. गोळी तेवढी अजून माझी मलाच गिळावी लागते... ती पण कधी कधी राहते.