शेंदराखालचं नाव

आजच्या सेवानिवृत्ती सोहळ्याचे अध्यक्ष माननीय उदेसिंगभाऊ, मुख्याध्यापिका प्रतिभाताई, व्यासपीठावरचे मान्यवर, सत्कारमूर्ती जगदीश सर आणि समोर बसलेल्या माझ्या गावकरी बंधू-भगिनींनो,

एकतीस वर्षं तळोद्याहून मोटारसायकलवर येऊन इतिहास शिकवणाऱ्या माणसाबद्दल शाळेच्या या लिपिकाने काय बोलावं? सरांच्या शिस्तीबद्दल इतर बोललेच. मी त्यांच्या गप्प राहण्याबद्दल बोलतो.

आमच्या मळ्याच्या बांधावरचा वीरगळ तुम्ही पाहिलाय. लढून पडलेल्या वीराचा दगड. अक्षय्य तृतीयेची आखाजी असो की लग्न, आम्ही त्याला तेल-शेंदूर चोपडतो. थर चार बोटं जाड झालेला. माझे वडील, भटूआप्पा, म्हणायचे, हा आपला मूळपुरुष, सुलतानाच्या फौजेतला शिपाई, तापीकाठी पडला. सर म्हणाले, "असेल, नसेलही. खाली अक्षरं असू शकतात. जाणकार माणूस आणतो, तोवर हात लावू नका."

आप्पांजवळ तेवढे दिवस कुठे होते? डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं होतं. आखाजीला घागर भरताना आपण पितरांची नावं घेतो. या एकाचं कधी घेता आलं नाही, एवढीच त्यांची खंत. म्हणून मी खुरपं घेऊन बसलो. शेंदूर निघाला, आणि त्याला चिकटून दगडाचा पापुद्राही निघाला. अक्षरं असलीच, तर त्यांचा भुगा माझ्या मांडीवर पडला. शहाण्याचं ऐकायचं नाही, ही आमची जुनी खोड!

आप्पांनी विचारलं, "सापडनं का रे नाव?"

मी म्हणालो, "सापडनं, आप्पा. रायभान."

त्यांनी ते दोनदा उच्चारलं. तिसऱ्या दिवशी गेले. पुढच्या आखाजीला मायने रायभानाची घागर आधी भरली, मग आप्पांची. सर आले होते. त्यांनी बांधावर जाऊन दगड पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि चहा घेऊन निघून गेले. चार वर्षं झाली, एका शब्दाने विचारलं नाही.

सर, तुम्ही माझी लाज राखलीत, त्याचे मी मनापासून आभार मानतो. पण उद्यापासून तुम्ही इथे नसाल, आणि हे एकट्याने मला पेलवत नाही. कधी नसलेल्या माणसाच्या मागे मी माझ्या बापाला उभं केलंय. फार दुखतं हो.

माझी माय, शांतीबाई, पहिल्याच रांगेत बसली आहे. माय, यंदा घागर भरशी तवय रायभाननं नाव नको लेजो. फक्त आप्पानं ले.

आयोजकांचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलणं लांबलं, वेळकाळाचं भान सुटलं, ते सभागृहाने पोटात घालावं. बाकीनं, माय, तू पोटमा घालशी का?