टाकीची किल्ली

पिशवीला खुर्ची आणि म्हाताऱ्या बाईला भिंत, ही कुठली रीत, म्हणून इंदुताई ग्वाल्हेरच्या सिटी सेंटर भागातल्या बँकेत, शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून बसलेल्या गृहस्थावर आधीच चिडल्या होत्या. पण शेजारच्या तरुणाशी हिंदीत बोलता बोलता तो एकदम मराठीत शिरला, आणि त्यांनी कान टवकारले.

"मराठीतच बोलू, सौरवजी. इथे कोणाला कळतंय?"

"बरं. सरकारने मला पाण्याच्या सुरक्षेचा सल्लागार म्हणून पाठवलंय आणि तुम्ही कॉलनीचे सेक्रेटरी, तर खरं सांगा. हरिशंकरपुरमच्या त्या पाण्याच्या टाकीची किल्ली कोणाकडे असते?"

"कोणाकडेच नाही. पंपघराच्या दारावर मारुतीची तसबीर आहे, तिच्यामागे."

"आणि चौकीदार?"

"दोन ते चार जेवायला जातो."

"दोन तास जेवतो?"

"झोपतोही ना थोडा."

"कॅमेरा तरी चालू आहे?"

"लावलाय. तार जोडायची राहिलीय. पण हे बाहेर जाऊ देऊ नका हं, उद्या कोणीही पाण्यात काहीही कालवेल."

"त्यासाठीच तर आलोय. आणखी कोणाला माहीत आहे?"

"तुम्ही आणि मी, बस."

इंदुताई भिंत सोडून सेक्रेटरीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"आणि मी. आमच्या गल्लीला त्याच टाकीचं पाणी येतं. किल्ली आजच्या आज हलवा. आणि यापुढे मराठीत गुपित सांगायचं असेल, तर ग्वाल्हेर सोडून दुसरं गाव बघा. आता ती पिशवी उचला, मला बसायचंय."