भालूअप्पांची चौथी जागा

बसा मंडळी, बसा. मागच्यांनी पुढे सरका — नको, राहू द्या, पुढे जागाच नाही! पुढे विश्वस्त बसलेत, त्यांच्या मागे वर्गणीदार, त्यांच्या मागे त्यांचे पाहुणे, आणि पार तिकडे खांबाला टेकून ज्यांना खरंच ऐकायचंय ते. हसू नका. आजचा विषय तोच आहे.

प्रश्न असा आहे, की माणसाचा नंबर लावायचा कशावर? त्यानं काल काय केलं त्यावर, की आज काय करतोय त्यावर? कालचं धरलं, तर लोक जन्मभर जुन्या पुण्याईवर लोळत पडतील. बरं, आजचंच धरलं, तर आज जो अंथरुणाला खिळलाय त्यानं काय करायचं? आहे उत्तर? नाही ना? मग ऐका! आणि तो मोबाइल कोणाचा वाजतोय, तो आधी गप्प करा. बोला, जय जय राम कृष्ण हरी!

आता आख्यान पुराणातलं नाही. टेनिसचं आहे. काय झालं काकू, तोंड का वाकडं केलंत? देवानं चेंडू खेळलेला चालतो! चेंडू यमुनेत गेला म्हणून कालियाच्या फण्यावर चढला, त्याचं आपण कौतुक करतो. आणि आम्ही टेनिस म्हटलं की विटाळ?

तर मिरजेकडच्या एका गावात एक जिमखाना आहे. गावाचं नाव सांगत नाही, उगाच उद्या तिथले लोक भांडायला यायचे. लाल मातीचं एक कोर्ट, कडेला लिंबाचं झाड आणि भिंतीवर एक फळा. फळ्यावर खिळे, आणि खिळ्यांवर खेळणाऱ्यांच्या नावाच्या लाकडी पाट्या, एकाखाली एक. सगळ्यांत वर पहिला नंबर, तळाला चौदावा. बाई-पुरुष असा भेद नाही. आपल्यापेक्षा दोन जागा वर असलेल्याला आव्हान द्यायचं. जिंकलात की त्याची जागा तुमची, मधले सगळे एकेक खाली.

आणि एक रीत होती बरं का, नीट ऐका. जिंकणाऱ्याची पाटी वर कोणी लावायची? हरलेल्यानं! आपल्या हातानं! शिपायानं नाही, सेक्रेटरीनं नाही. जुनी माणसं मोठी हुशार. सामना संपल्यावर हात मिळवताना माणूस खोटं हसू शकतो, पण दुसऱ्याची पाटी आपल्या पाटीवर लावताना नाही हसता येत.

त्या जिमखान्याचे सेक्रेटरी होते भालूअप्पा किरपेकर. बँकेतून निवृत्त, साठी उलटलेली, अंग काटक. टेनिसचं वेड असं, की जानेवारीत ऑस्ट्रेलियातली स्पर्धा सुरू झाली की हे पहाटे उठून टीव्हीसमोर! काकडआरतीला बोलावलं, तर म्हणायचे, थांबा, तिसरा सेट चाललाय. मुलगा कारखान्यात इंजिनिअर. त्याला रॅकेट आणि झारा यांतला फरक कळत नव्हता. पण देवाची दया बघा, सून मिळाली वृंदा. लहानपणापासून टेनिस खेळलेली!

मग काय! शकूमाई, म्हणजे अप्पांची बायको, पोहे घेऊन उभी, आणि सासरे-सून टीव्हीसमोर भांडतायत. कशावरून? दागिन्यांवरून? वाटणीवरून? छे! रँकिंगवरून!

तिकडे मोठ्या खेळाडूंना स्पर्धा जिंकली की पॉइंट मिळतात. पण ते पॉइंट वर्षभरच टिकतात. वर्ष उलटलं, की पुन्हा जिंका, नाहीतर गेले! अप्पा म्हणायचे, "बरोबरच आहे. गेल्या एकादशीचा उपास या एकादशीला चालतो का?"

वृंदा म्हणायची, "अप्पा, एखाद्याचा पाय मोडला, तो वर्षभर घरी बसला, म्हणजे तो काय खेळ विसरला? दुखापत झालेल्याला, बाळंतीण झालेलीला तिकडे राखतातच की जागा."

"ती स्पर्धेत शिरण्यापुरती सवलत! नंबर नाही देत. दया वेगळी, नंबर वेगळा!"

हे वाक्य अप्पांचं ठरलेलं. दया वेगळी, नंबर वेगळा. शकूमाई म्हणायची, "अहो, आणि पोहे वेगळे. ते निवतायत!"

आता जिमखान्यात काय झालं होतं? पहिल्या नंबरावर पाटी होती डॉक्टर घोरपड्यांची. डॉक्टरांनी किती वर्षांत रॅकेट धरली नव्हती देव जाणे, रॅकेटला कोळिष्टकं लागली, पण पाटी वर ती वरच! आव्हान दिलं की म्हणायचे, आज पेशंट आहेत. अप्पा चिडले. सभा बोलावली आणि दोन नियम मांडले. एक, आव्हान आलं की दहा दिवसांच्या आत खेळायचंच. आणि दुसरा, जो महिनाभर खेळणार नाही त्याची पाटी दर महिन्याला एक जागा खाली! कारण कसलंही असो! झाले हात वर. आणि मंडळी, सगळ्यांत आधी हात कोणाचा वर गेला? वृंदाचा! का नाही जाणार? घोरपड्यांची पाटी घसरली आणि पहिल्या नंबरावर आली तीच की!

नियम करताना आपण नेहमी घोरपड्यांकडे बघतो. आपल्याकडे कोण बघतो?

पुढच्याच वर्षी वृंदाला दिवस राहिले. घरात आनंदीआनंद! डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, धावपळ बंद. झालं, खेळ थांबला. आणि महिन्याच्या एक तारखेला अप्पा जिमखान्यात गेले, वृंदाची पाटी काढली, एक खिळा खाली लावली. दुसऱ्या महिन्यात आणखी एक खाली. हात थबकला का? मुळीच नाही. नियम होता ना! आणि तिथूनच येताना सुनेसाठी शहाळं आणायचे. दुष्ट नव्हते हो अप्पा! मुलगी झाली, तेव्हा गावभर पेढे यांनीच वाटले, डिंकाच्या लाडवांसाठी डिंक निवडत बसले. घरात सुनेला लाडू आणि जिमखान्यात सुनेची पाटी खाली, दोन्ही एकाच हातानं. असतात अशी माणसं. इथेही आहेत, नावं घेऊ का?

नात मनू बसायला लागली, मऊभात खायला लागली, आणि वृंदा रॅकेट घेऊन जिमखान्यात गेली. बघते तर पाटी चौदाव्या जागी. तळाला! तिच्या खाली फक्त पाल.

रडली का? रडली. तिथे नाही, घरी येऊन, शकूमाईजवळ. "माई, मी हात वर केला होता हो. माझ्याच हातानं केलं मी हे." माई म्हणाली, "केलंस ना? मग आता त्याच हातानं रॅकेट धर. मनूला मी बघते."

गावाचा संघ ठरायचा पाडव्याला. फळ्यावरचे पहिले चार जण गाडी करून पलीकडच्या गावी खेळायला जायचे. वृंदाला त्या चारांत यायचं होतं. पहाटे भिंतीवर चेंडू मारायची, घरी येऊन पोरीला पाजायची, पुन्हा जायची. बारावा हरवला, दहावा हरवला, आठवा, सहावा! प्रत्येकानं रीतीप्रमाणे तिची पाटी आपल्या हातानं वर लावली. डॉक्टर घोरपड्यांनी तर लावताना टाळी वाजवली. हो! नियमाच्या धाकानं पुन्हा खेळायला लागून ते बिचारे आठव्यावर होते तेव्हा.

आता सहाव्या जागेवरून दोन वर कोण? चौथा. चौथा कोण?

ओळखलंत! भालूअप्पा किरपेकर!

आता अप्पांच्या बाजूनं बघा. तीस वर्षं त्या मातीवर घाम गाळला. पाट्या रंगवल्या, कोर्टावर पाणी मारलं. पण संघात एकदाही नाही! कायम सहावे, घोरपडे घसरल्यावर पाचवे. यंदा वृंदाची पाटी घसरली, सगळे एकेक वर सरकले, आणि आयुष्यात पहिल्यांदा अप्पा चौथे! पांढरा शर्ट शिवून ठेवला होता संघासाठी. आणि समोर कोण आली? घरचीच सून!

वृंदानं आव्हान दिलं. पाडवा आठ दिवसांवर. अप्पांनी चष्मा पुसला. म्हणाले, "नियमानं मला दहा दिवस आहेत."

बघा! कळलं? आठ दिवस टाळलं की पाडवा होऊन गेला! घोरपडे पेशंट सांगायचे, यांनी नियम सांगितला. फरक काय?

शकूमाई स्वयंपाकघरातून बाहेर आली. हातात लाटणं तसंच. "अहो, एक विचारू? तुम्हांला नियम पाहिजे, का ती चौथी जागा पाहिजे?"

अप्पांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "जागा पाहिजे गं. खोटं कशाला बोलू? तीस वर्षं झाली. एकदा, फक्त एकदा त्या गाडीत बसून जायचं होतं मला." आणि डोळ्यांत पाणी आलं हो त्या माणसाच्या.

पलीकडे मनूला झोका देत वृंदा बसली होती. तिनं ऐकलं. ती आली आणि म्हणाली, "अप्पा, मी आव्हान मागे घेते. मी काय, पुढच्या वर्षी जाईन."

तर काय झालं? खूश झाले? अहो, फटाका फुटावा तसे उसळले! "माझ्यावर दया करतेस? दया वेगळी, नंबर वेगळा! उद्या सकाळी सात वाजता कोर्टावर ये!"

बोला, जय जय राम कृष्ण हरी!

सकाळी सगळा जिमखाना गोळा. शकूमाई मनूला घेऊन लिंबाखाली. सामना सुरू झाला. वृंदाच्या फटक्यांत जोर, पण अप्पा जुने खोड! नेटच्या पलीकडे अलगद चेंडू टाकायचे, ती पुढे धावली की डोक्यावरून मागे उडवायचे. पळवलं तिला! पहिला सेट अप्पांनी घेतला. दुसरा वृंदानं. तिसऱ्यात ती पुढे गेली, आणि सर्व्हिस करताना तिची नजर बाकावर गेली. तिथे अप्पांची पिशवी, आणि पिशवीतून डोकावतोय तो नवा पांढरा शर्ट. घडीसुद्धा मोडली नव्हती.

सर्व्हिस नेटमध्ये. दुसरी पण नेटमध्ये. पॉइंट अप्पांना. पुढची? तीही नेटमध्ये!

अप्पांनी रॅकेट खाली केली आणि चालत नेटपाशी आले. हळू आवाजात बोलले, पण सकाळची शांतता, सगळ्यांना ऐकू गेलं. "सूनबाई, तुझी सर्व्हिस मी पाच वर्षं बघतोय. लागोपाठ अशी कधी चुकली नाहीस तू. मी तुझी पाटी खाली आणली ती उघड्यावर, दर महिन्याला, सगळ्यांसमोर. तू मला चोरून वर नेतेयस? अशा जागेवर बसून मी त्या गाडीत खिडकीबाहेर तरी बघू शकेन का?"

वृंदा रडत होती. म्हणाली, "अप्पा, तुमचा शर्ट..."

"शर्टाचं मी बघतो. तू चेंडू बघ!"

मग खेळली ती! पदर खोचून म्हणतात ना, तशी! शेवटचा चेंडू असा कोपऱ्यात बसला, की अप्पा वळले तेवढेच. हरले.

आता रीत. हरलेल्यानं पाटी लावायची. अप्पा फळ्यापाशी गेले. दर महिन्याला जो हात तीच पाटी बिनधास्त खाली आणत होता, तो हात आज खिळ्यापाशी थबकला मंडळी. आपली पाटी काढली, पाचव्यावर लावली. सुनेची काढली, उपरण्यानं पुसली, चौथ्यावर लावली. आणि सगळ्यांकडे वळून म्हणाले, "नियम मी चुकीचा केला. घोरपड्याला जमत होतं, पण करायचं नव्हतं. हिला करायचं होतं, पण जमत नव्हतं. मी दोघांना एकच माप लावलं."

हे उत्तर! आरंभीच्या प्रश्नाचं! काल बघू नका, आज बघू नका. आज जो करत नाही, तो का करत नाही ते बघा!

पुढच्या सभेत नियम बदलला. आजारी माणसाची, बाळंतिणीची पाटी आता हलत नाही. घोरपड्यांना मात्र माफी नाही! वृंदा तरी त्यावर भांडलीच, पण ते जाऊ द्या, त्या घराची ती करमणूकच आहे.

आणि पाडव्यानंतर संघाची गाडी निघाली. चार खेळाडू. आणि पाचवं कोण, सांगा? मनू अंगावर पिणारी, आईशिवाय राहायची नाही. आई कोर्टावर असताना तिला घेणार कोण? अप्पा! नवा पांढरा शर्ट घालून, खिडकीशी, मांडीवर नात! तिकडे कोणीतरी विचारलं, "आपण कितवे?" अप्पा म्हणाले, "पाचवा. चौथी ती तिथे खेळतेय, कारण ही माझ्याकडे आहे." तेवढ्यात नातीनं शर्टावर दूध काढलं. मोडली एकदाची घडी!

वृंदा जिंकली का? एक सामना जिंकली, एक हरली. तुम्हांला लगेच निकाल पाहिजे!

आता तुमच्याकडे वळतो. मान खाली घालू नका. तुमच्या घरात फळा नाही? आहे! जी बाई सगळ्यांचं करत होती, ती गुडघ्यानं बसली, की तिला विचारणं बंद. झाली पाटी एक खिळा खाली. वडिलांना ऐकू येईना, मग त्यांच्यासमोर बोलायचं कशाला? आणखी एक खिळा. कोणी मुद्दाम करत नाही हो. शहाळंही आणता तुम्ही! पण पाटी खाली सरकवताना आपला हात थबकत नाही, तेवढं तपासा. वर लावायची वेळ आली, की बघा कसा जड होतो.

घरी जाऊन लावाल ती लावाल, पण घरच्या गोष्टी घराच्या दाराशी विसरतात. म्हणून इथेच सुरू करू. आता आरती. दर वर्षी आरतीचं ताट पहिल्या रांगेतून निघतं आणि त्या खांबापाशी जाईपर्यंत कापूर विझलेला असतो. आज ताट खांबापासून सुरू होईल. आणि नेणार कोण? पुजारी नाही. पहिली रांग!

उठा दादासाहेब. गुडघा दुखतो, माहीत आहे मला. हात द्या त्यांना कोणीतरी. घ्या ताट. हळू... कापूर सांभाळा. खांबापाशी त्या आजी बसल्यात ना, आधी त्यांच्यापुढे धरा. आम्ही थांबतो.