गोळी सोडल्याचा तिसरा दिवस

भेस्तानच्या व्यसनमुक्ती दवाखान्यात मी भावाला घेऊन बसले होते. मागच्या बाकावर दोघे बोलत होते. एक खानदेशातला हेमराज, कापडाचे लूम चालवणारा. दुसरा परभणीकडचा गवंडी, मारुती.

"आज कितवा दिवस, मारुतीभाऊ?"

"तिसरा. पाय लई ठणकायलेत, झोप नाही. वाटतंय, उठावं अन् दुकानातून ती दुखण्याची गोळी आणावी."

"मीपण कंबरेसाठीच सुरू केली होती. दिवसाला एकीच्या आठ झाल्या. सोडली तेव्हा तिसऱ्या दिवशी मी भिंतीला लाथा मारत होतो, भो."

"मग थांबलं कशानं? मला ही आंबट गोळी दिलीय चघळायला. तिनं?"

"ते व्हिटॅमिन सी. मला तिनं जरा बरं वाटलं. पण डॉक्टर म्हणे, सगळ्यांना वाटेलच असं नाही. खरं औषध दुसरं आहे, ते चुकवू नका."

"अन् कंबर? दुखणं परत आलं नाही?"

"आलं ना. शेकतो, व्यायाम करतो. थोडं दुखतं, पण आता भूक लागते."

"भुकेचं काय एवढं?"

"परवा मी बायकोकडे आणखी एक भाकर मागितली. ती तव्यापाशीच रडायला लागली. तीन वर्षांत पहिल्यांदा मागितली होती."

"मग?"

"मग काय, रडत रडत तिने दोन वाढल्या. मी दोन्ही खाल्ल्या."

आतून सिस्टरची हाक आली, "मारुती कोण? आत या."

"आलो, ताई. हेमराजभाऊ, मी येईपर्यंत जाऊ नका."

"बसलोय इथंच."