चिंच-राखेनं घासलेलं नाणं

असं काय बघतासा मास्तर? तेच हाय ते, बदललेलं न्हाई. रामनगरच्या बाजारात तुम्ही भिंग लावून बघितलासा, पंचवीस रुपयं देतो म्हणालासा, आज जवळ न्हाईत, घरी घिऊन येतो म्हणालासा — तेच. कणगं, तुमची रताळी वो, खणताना माझ्या कुदळीला लागलेलं. तवा काळंकुट्ट व्हतं, व्हय. बेळगावास्नं माणूस यायचा आणि त्याच्या हातावर मळकी लक्ष्मी ठेवायची व्हय? तीन दिस घासलं म्या — चिंच, राख, वर नारळाची शेंडी. कसं लखलखतंय बघा की! अक्षरं? व्हती खरी, राजाचं तोंडबी व्हतं. घासता घासता गेलं आसंल. पर चांदी तर हाय न्हवं?

एक बोट कशाला दाखवतासा — एक रुपाया? काळं व्हतं तवा पंचवीस आणि उजळलं तवा एक? हे कुठलं शास्तर हो मास्तर? म्हणजे त्या काळ्यातच समदी किंमत व्हती? मग बाजारातच सांगायचं न्हाई व्हय, केशर, हात लावू नगो म्हणून!

न्हाई, भांडत न्हाई म्या. बसा. जरा बसा. हाव न्हाई मला पैशाची. खानापुरात बहीण हाय, यमुना. तिचा दादला म्हणतो, वर्साचं तांदूळ घिऊन ये, मग रहा खुशाल. तेवढंच पायजे. मालक जाऊन दोन वर्सं झाली — आता झिलू, माझा दीर, सोमवारी माझ्यासंगं पाट लावतोय. पंच त्याचेच, मला इचारतंय कोण? त्याची पयली बायकू — ऱ्हाऊ द्या. लई भ्या वाटतंय मला. तुम्हाला परक्याला कशाला सांगतेय म्या? कुठं बोलू नगासा.

भिंग पिशवीत घातलासा? हळू, सासू आत हाय. काल तिनं बघितलं हे नाणं. म्हटलं, आता हिसकावून घेती — तर हसली. लई झ्याक उजळलंयस ग, म्हणाली, सोनाराकडनं कडी लावून घिऊ, सोमवारी तुझ्याच गळ्यात बांधू.

तीन दिस घासलं मास्तर. ह्याच हातांनी.

रुपाया नगं. उठा आता, झिलू येतोय बांधावरनं. इचारलं तर पाणी प्यायला थांबलो व्हतो म्हणा. जावा.