इंजेक्शन लागू नाई पडलं

नाई वं बाई, भेऊ नोका तुमी! माह्याच गुडघ्यात देल्लं ना डॉक्टरनं, याच दवाखान्यात, धानाचे रोवने लागाच्या आंदी. पाय सडते म्हनून कोनी सांगतलं तुमाले? जावेनं? तिच्या बहिनीचा सडला? ते बाजारातल्या पिशवीवाल्या डॉक्टरपाशी गेली असन, दर बाजारी टोचून घेतलं असन — मंग सडन नाई तं काय होईन? इथी तसं नाई. पयले साखर पाहाते, गुडघा साफ पुसते, मंग सुई. साखर हाय का तुमाले? हाय? तं सांगजा त्याले, लपवू नोका — या स्टेरॉइडनं चार-दोन दिवस साखर चढते म्हने. गुडघा लाल झाला, ताप आला तं तसंच धावत या म्हने. आनि घडीघडी नाई देत — मधात तीन महिने तरी पायजे, नाई तं सांध्यातली गादी झिजते. गुडघा काई नवा होत नाई यानं. दुखनं दबते, तेही थोडे दिवस, तेवढ्यात चालाचं-फिराचं, पाय मोकळे कराचे — समदं ध्यानात हाय माह्या. अडानी असन मी, बहिरी नाई.

मले? मले तं — इकडं सरका जरा — मले असं झकास लागू पडलं, विचारू नोका. पन आपल्यातच ठेवजा हे. ते पाहा तिकडं, चिठ्ठीच्या लाइनीत, हिरव्या साडीची — माही सून, स्वाती. तिले मी सांगतलं, लागू नाई पडलं. मिथुनलेही, माह्या पोराले, तेच सांगतलं. तो तिकडं कोरपन्याकडं सिमेंटच्या कारखान्यात, घरी येते कधीमधी, माय म्हनन ते खरं त्याले. आज डॉक्टरलेही तेच सांगनार — तिच्या समोर. काऊन म्हंजे? पाय बरा झाला म्हनलं तं हे बाई घरात थांबन का? सिंदेवाहीले माय हाय तिची, लकवा मारला, बोलनं गेलं म्हनते. भाऊ, तो प्रफुल्ल, रोज फोन करते — बाई ये, बाई ये. हिनं विचारलं मले, आई, चार दिवस जाऊन येऊ का? मी नाई म्हनलं नाई हो! मी फक्त उंबऱ्यात पडली. बस. बॅग भरली होती, तिनंच खाली केली.

आता पाहा, दिवसातून किती डाव उठवते मले, बसवते, तेल चोळते. तुमाले सांगतो, मालक गेल्यापासून हात नाई लावला कोनी या म्हातारीले. हे घरात आली तवापासून जेवन वाढे, बाजूले होये. आता मांडीवर पाय घेऊन बसते माहा. सोडू का मी ते? ते रोवन्यावर गेली का मी परसातून भेंड्या तोडून आनतो, शेजारच्या बुधरीच्या घरापावतर जाऊन गोष्टी करून येतो, ते घरी याच्या आंदी खाटेवर. एक डाव पायाले चिखल राहून गेला. तिनं पाहिला — पानी आनलं, धुतला, काईच बोलली नाई. मुकीच हाय. मायसारखी.

थांबा, वाजून राह्यला. तिचाच फोन. गर्दीत कोनी चोरन म्हनून मीच मांगून घेतला. हा प्रफुल्ल — पाहा, फोटो येते त्याचा. सकाळपासून लावून राह्यला. कापला. काय होईन? म्हातारी जाईन. आज ना उद्या जानारच हाय ते, मंग ही गेल्यानं काय बसती होनार हाय तिची माय? मातीले नेईन ना मी. मातीले नाई म्हनाले मी काई राक्षस हाय का?

परत तोच. वाजू द्या. तुमी काऊन अशा पाहून राह्यल्या? इंजेक्शनचं विचारलं, सांगतलं, झालं, आपल्या नंबरकडं पाहा — अवं! अवं बाई, फोन काऊन घेतला? ठेवा खाली! कुठी चालल्या? तिकडं नोका जाऊ — तुमचं काय नातं तिच्याशी? थांबा म्हनतो ना! आना इकडं! सोडा फोन, सोडा —

स्वाती.

नाई वं, हे बाईच येडी हाय, फोन घेऊन पळत होती. म्हनून... म्हनून उठली मी. काठी तिथीच राह्यली बाकापाशी. दुखून राह्यलं वं, लय दुखून राह्यलं — पाह्यते काय? धर ना.

धर ना वं मले.