हिराकाकूंच्या बसायच्या जागेची गोष्ट

मंडळी, आरतीच्या आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. सुंदर वस्तूवर जीव टाकणारा माणूस, त्याला भक्त म्हणायचं का? हं! मान डोलवायची घाई करू नका. गोष्ट ऐका, मग डोला!

कोल्हापुरात एक प्रतापराव इंगवले. चित्रांचा नाद! उभा जन्म चित्रं गोळा करण्यात गेला. नजर अशी, की लांबूनच सांगणार — हे अस्सल, हे नक्कल! पण उन्हानं रंग उडतात ना? म्हणून घराच्या खिडक्या कायम बंद, वर जाड पडदे! चित्रं सुखात — आणि त्यांच्या पत्नी हिराकाकू भरदुपारी दिवा लावून तांदूळ निवडतायत! हसू नका मावशी, तुमच्याकडं टीव्हीसाठी पडदे ओढतात, ठाऊक आहे मला!

पुढं चित्रांसाठी नवं घर बांधायचं ठरलं. आर्किटेक्ट ऋता नेर्लेकर. तरुण पोरगी, स्वतःच्या हिमतीवर घेतलेलं पहिलंच घर! प्रतापरावांनी एकेका चित्राची लांबी-रुंदी तोंडपाठ सांगितली. ऋतानं विचारलं, "आणि काकू कुठं बसतात?"

"ती? बसते की कुठंतरी!"

ऐकलंत? कुठंतरी!

पण पोरगी काय हुशार! चित्रांच्या दालनात वरून उत्तरेचा उजेड सोडला — लख्ख, पण उन्हाची तिरीप नाही! भिंती साध्या, कोऱ्या. चित्रांपुढं घरानं मिरवायचं नाही, ही तिची रीत. आणि बैठकीत, पूर्वेच्या भिंतीला, एक मोठी खिडकी, खाली दगडी कट्टा. नकाशात दाखवली होती हो! पण प्रतापरावांनी नकाशात नुसत्या भिंती बघितल्या!

भिंती उभ्या राहिल्या. एका सकाळी काकूंना घेऊन प्रतापराव बघायला आले — आणि कडाडले! "माझं सगळ्यात मोठं चित्र या भिंतीवर लागणार! बुजवा ते भोक!"

ऋतानं नकाशा उलगडून त्या खिडकीवर बोट ठेवलं! "काका, त्या चित्राला आत जागा केलीय. ही जागा काकूंची. बुजवायची असेल, तर घर दुसऱ्या कुणाकडून पुरं करून घ्या."

पहिलंच काम, मंडळी! हातचं जाणार! तरी मागं सरली नाही. धन्य ती पोर!

"अगं, तूच सांग हिला, तुला कशाला हवी खिडकी?" म्हणत प्रतापराव वळले — आणि काय बघतात! काकू कट्ट्यावर टेकल्या होत्या. डोळे मिटलेले, तोंडावर कोवळं ऊन. चित्रापुढं उभे राहायचे ना, तसे प्रतापराव बघत राहिले.

"हिरा... केस कधी पिकले गं तुझे?"

काकू डोळे न उघडता म्हणाल्या, "झाली की बरीच वर्षं. अंधारात कुणाला दिसणार?"

आता प्रतापरावांनाही मानलं पाहिजे, अडून बसले नाहीत! ऋताला म्हणाले, "पोरी, खिडकी अजून हातभर रुंद कर." आणि काकूंच्या शेजारी जाऊन बसले.

तर काय ठरलं? प्रेम वस्तूपाशी अडलं तर तो नाद. माणसापर्यंत पोचलं, तरच त्याला भक्ती म्हणा!

देवाच्या तसबिरी तुम्ही रोज पुसता, हार घालता. फार चांगलं! आणि घरातली माणसं? त्याच देवानं घडवलीत ना ती? शेवटचं कधी निरखून बघितलंत? माझ्याकडं काय बघताय! आपलं माणूस शेजारीच बसलंय. त्याच्या तोंडाकडं बघा. आरती थांबेल — बघा!